स्वल्प

जांबोटीच्या रिसॉर्टातून टेम्पोत घालून आणली
ती मोठ्या टायरांची, चिखलात फिरायची चारचाकी.
गॅस सोडला की सायलेन्सरातून – फाट्!
खानापुरात तिसऱ्यांदा फुटली
तेव्हा समोरच्या खानावळीतला एक माणूस
ताट उचलून आत गेला.

भरमाण्णांनी लगेच हात लावला नाही.
"चढताना गप, उतरताना बोलूलालंय.
उपाशी हाय बघ."
प्लग काढला : शाडूसारखा पांढरा.
"काळा असता तर गोष्ट वेगळी."

कार्बोरेटरच्या तळाशी
पावसाळाभर न हललेल्या पेट्रोलचा
काकवीसारखा थर.
पायलट जेट उजेडाकडे धरला,
भोकातून काहीच दिसेना.
तांब्याची एक बारीक तार ओवली, फुंकलं,
पुन्हा धरलं.
आलं आभाळ, मोहरीएवढं.

तरी फाट्.

मग चालू इंजिनावर साबणाचं पाणी,
थेंब थेंब, सांध्यासांध्यावर.
एका जागी आवाज अडखळला.
तिथं रबराला केसाएवढी चीर.
"चोरून वारं पिऊलालंय," भरमाण्णा म्हणाले,
घरातल्या कुणाबद्दल बोलावं तसे.

रबर बदललं. राहिला हवेचा स्क्रू.
दीड आटा बाहेर, मग थोडा आत,
ईरण्णा टाकीला कान लावून उकिडवा.
त्याला मराठी अर्धी, मला कानडी पाव.
"स्वल्प," तो म्हणाला,
आणि भरमाण्णांचं मनगट
स्वल्पविरामाएवढं वळलं.

मलप्रभेच्या पुलाकडच्या उतारावर
मी गॅस सोडला
आणि खांदे आवळून वाट बघितली.
नुसतीच टायरांची घरघर.

परतलो तर तो माणूस
ताक पीत बाहेर बसलेला.
"झालं?" त्यानं विचारलं.