अकॉर्डियन कोण दुरुस्त करतं?

एलेउतेरिओमामाचं संकेतस्थळ मीच उभारलं,
मार्चमध्ये, कास्त्रोला, चुलीशेजारी बसून.
पहिल्या पानावर निळं दार, खाली फोन नंबर,
आणि मामाचा एक फोटो, ज्यात तो कॅमेऱ्याकडे नाही,
भात्याच्या फाटलेल्या घडीकडे बघतोय.

एप्रिलभर भेटी: चार.
त्यातल्या तीन माझ्या.
चौथी कुणाची, ते अजून कळलेलं नाही.

शोधयंत्राच्या सतराव्या पानावर आम्ही होतो.
तिथवर कोण चालत येतं?
सांतियागोची मोठी दुकानं पैसे मोजून
पहिल्या पंगतीला बसलेली.
म्हटलं, मामा, आपणही भरूया थोडे.
तो मेण वितळवत होता.
"बटाटे विकून जाहिरात घ्यायची,
आणि जाहिरातीतून काय, बटाटे?"

बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणे.
मामा बोलतच नाही.

मग मे महिन्यात पुंता अरेनासहून
नोएमी बार्रिआ नावाच्या बाईनं विचारलं,
यंत्राला नाही, आपल्या माणसांना:
"बाबांचं अकॉर्डियन खोकतंय. कोण दुरुस्त करतं?"
खाली अकरा उत्तरं.
दहा जणांनी नुसती हळहळ वाहिली.
अकरावा केइलेनचा ओस्मान, शिंपले काढणारा.
त्यानं लिहिलं:
"चर्चखालच्या उतारावर, निळं दार.
आजोबांच्या अकॉर्डियनमधलं समुद्राचं मीठ
त्यानं एकेका पत्तीवरून खरवडलं,
आणि मजुरी म्हणून एक पोतं शिंपले घेतले."
त्याखाली आमचा दुवा.

त्या रात्री भेटी: एकतीस.

आमच्या बेटावर घर हलवायचं असेल
तर शेजाऱ्यांना सांगतात.
बैल येतात, दोर येतात, पोरं ओरडायला येतात,
आणि अख्खं घर, खिडक्यांतल्या पडद्यांसकट,
चिखलातून, भरतीच्या पाण्यातून
पलीकडच्या किनाऱ्याला लागतं.
मजुरी कुणी मागत नाही.
मालकानं फक्त पोटभर जेवू घालायचं.
मिंगा म्हणतात त्याला.

आकडे वाढताना मी पडद्यावर बघत होते
आणि मला दोर दिसत होते.

आता कुणी "अकॉर्डियन" एवढंच टाइप केलं
तरी आमच्या नावाखाली त्याला
त्याच्याच ओळखीतलं कुणीतरी दिसतं,
वर्गातली मुलगी, मेव्हणा,
जुनी घरमालकीण जिचं भाडं अजून थकलंय:
हिनं इथं दिलं होतं.
मग तो दार ढकलून आत येतो,
अनोळखी असून निम्मा ओळखीचा.

पण ओळखीच्या वाटेनं तक्रारही चालत येते.
ऑगस्टमध्ये आंकुदच्या एकानं लिहिलं:
"सात महिने ठेवून घेतलं. फोन उचलत नाही."
माझे हातपाय गळाले.
हे पुसता येईल का, तेच आधी शोधलं.
मामानं चष्मा सदऱ्याला पुसला,
माझ्या हातातून फोन घेतला
आणि आयुष्यात पहिल्यांदा, एका बोटानं, लिहिलं:
"खरं आहे. डोळ्याचं ऑपरेशन होतं.
बारीक पत्त्या दिसत नव्हत्या,
अंदाजानं हात लावायचा नव्हता.
सांगायला हवं होतं, ते राहिलं.
तुमचं सोमवारी बसमध्ये चढेल. पैसे नकोत."

मी इतकी छान वर्णनं लिहिली होती,
"तीन पिढ्यांचा विश्वास" वगैरे.
ती कुणी कुणाला पाठवली नाहीत.
हे मात्र बेटाबेटांवर फिरलं,
खाडी ओलांडून पुएर्तो माँतला गेलं,
तिथून कुठं कुठं.

कोपऱ्यात आता तेवीस पेट्या आहेत.
एकीवर चिठ्ठी: घाई नाही, डोळे सांभाळा.

काल रात्री त्यानं विचारलं, "आज किती?"
"दोनशे सहा."
तो उठला, झाकण काढून
चुलीवरच्या पातेल्यात डोकावला.
"मग बटाटे कमी पडतील,"
म्हणाला, आणि पोत्यात हात घातला.