चार कांड्या

इर्मा लेह्तोनेनने ती दिली तेव्हा
अंड्यांच्या खोक्यात होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली:
चार कांड्या, पाच मुळं, फूल नाही.
"चारपेक्षा कमी तोडली की रुसते," म्हणाली,
"मग तीन वर्षं नुसती पानं."
डुलुथमध्ये त्या दिवशी उणे सत्तावीस.
गाडीपर्यंतची चाळीस पावलं
मी तिला कोटाच्या आत धरून चालले,
दोघी एकमेकींना टोचत.

पानं म्हणजे कांद्याची पात, पण भरीव,
मधोमध एक खाच.
कुंडी नको. माती तर नकोच.
बुचाच्या सालीवर बसव, गळाच्या दोऱ्याने बांध,
आणि विसरून जा. पण रोज.

मला विसरणं जमेना.
कढीपत्त्याला घालावं तसं पाणी घालत राहिले,
महिन्याभरात दोन मुळं गेली.
चिमटीत धरलं तर
भिजलेल्या बदामासारखी साल सटकन निघून आली,
हातात राहिला नुसता आतला दोरा.
तेव्हा कळलं, मुळावरचा तो पांढरा सदरा
मेलेल्या पेशींचा असतो.
तोच पाणी शोषतो, तोच धरून ठेवतो.
फवारा मारला की क्षणात पारदर्शक होतो
आणि आतला जिवंत हिरवा दिसतो.
पुन्हा पांढरा होईपर्यंत
हात मागे बांधून उभं राहायचं.

आमच्या शाळेत चिपळूणकरबाई
फुकट खाणाऱ्याला बांडगूळ म्हणायच्या.
हिला पाहून तोच शब्द आधी जिभेवर आला.
इर्माने साल उलटी करून दाखवली,
"कुठे आहे भोक? दाखव.
धरते फक्त. खात नाही."
मग मला वाटलं म्हणावं, आपणही इथे अशाच,
तुझी आजी फिनलंडहून, मी कुडाळहून,
पण ती तोवर चष्मा कपाळावर सरकवून
पानाच्या बगलेत खवलेकिडे शोधत होती,
कापसाचा बोळा, स्पिरिट.
"झाड आहे ते," म्हणाली, "पाणी दे."

हिवाळाभर भट्टी घरघरते, हवा पापडासारखी.
मी तिला न्हाणीघरात टांगलं,
खाली खड्यांचं ताट, वर दिवा, कोपऱ्यात छोटा पंखा,
आणि बर्फ वितळवून कोमट केलेलं पाणी.
रात्रपाळीला मी रक्ताच्या नळ्या फिरवत असते
तेव्हा ती श्वास घेते.
तिच्या मुलखात दिवसा ऊन चटके देतं,
दारं उघडली तर सगळी ओल जाईल,
म्हणून रात्री हवा आत घ्यायची, आंबट करून साठवायची,
सकाळी दारं बंद करून, उजेड आला की,
तिचा स्वयंपाक.
पहाटे पान आंबट लागतं, संध्याकाळी नाही, इर्मा सांगायची.
मी दोन्ही वेळा टोक चावून पाहिलं.
खरं आहे.

तिसऱ्या ऑक्टोबरात फूल आलं.
हिरवट, सुतळीसारख्या पाकळ्या, मध्ये एक पांढरं बदाम.
दिवसभर नाक लावलं, काही नाही.
त्या रात्री यंत्र बिघडलं, लवकर सोडलं,
अडीचला दार उघडलं आणि
जिन्यातच थांबले.

एका पतंगासाठी होतं ते सगळं,
जो तीन हजार मैलांत कुठे नाही.
बाहेर बर्फ भुरभुरत होता,
सरोवरावर एक बोट भोंगा देत होती,
आणि ती आपली
अंधारात पत्ता सांगत होती.

इर्मा जागीच असते त्या वेळी. फोन लावला.
गेल्या साली तापात तिचं नाक गेलं ते गेलंच.
"कसा आहे? सांग."
लिंबू, म्हटलं. मग, नाही, लिंबाचं पान चुरगळल्यावर.
मग इंग्रजी संपलं.
मी मराठीत सांगत राहिले, बराच वेळ,
देवघरातलं, आईच्या पेटीतलं, भलतंच काहीबाही.
ती मध्ये बोलली नाही.
"हं," म्हणाली शेवटी, "तोच."
आणि मग,
"पंखा चालू आहे ना? नाहीतर डाग पडतील."