रकाना क्रमांक नऊ

‘मागील शाळा व इयत्ता’,
रकाना दोन बोटं रुंद.
तेवढ्यात मला स्विंडन बसवायचं आहे.

केप्याच्या बाजारातून चढ चढून आलेला इनासियो फुर्तादो
खुर्चीच्या कडेवर टेकलाय.
त्याची लविना खिडकीशी.
मैदानात हात पुढे करून अंतर घेणारी पोरं
ती मोजते आहे की काय, कळत नाही.

कागद जाड, गुळगुळीत.
मी गुण शोधतो. गुण नाहीत.
क्रमांक शोधतो. तोही नाही.
कुणा बाईंनी तिच्याबद्दल सव्वा पान लिहिलंय:
प्रश्न विचारते. बेडकांवर तक्ता केला.
भांडण झालं तर मधे पडते.
‘याचे टक्के किती?’ मुख्याध्यापिका विचारतात,
आणि मी कॅल्क्युलेटर उघडून
तसाच बसून राहतो.

वय दहा पूर्ण. तिकडे सहावी, आमच्याकडे पाचवी.
‘म्हणजे नापास केली?’
तसं नव्हे, पात्रांव.
तिकडे पाचव्या वर्षीच आकडा लावतात, आपण सहाव्या.
आमचा पाडेली बघ,
पहिला नारळ देवाचा म्हणून बाजूला ठेवतो
आणि दुसऱ्याला म्हणतो, एक.
माड तोच. नारळही तेवढेच.

इनासियोला पटलं.
‘मी सहावीत होते,’ लविना म्हणते,
दप्तरातून कुणी वर्ष काढून घेतल्यासारखी.

माझा बाप कुठेच गेला नव्हता.
सकाळी देवळाच्या अग्रशाळेत पाटी, पावकी, निमकी,
नऊ वाजता रस्ता ओलांडून पोर्तुगीज शाळा.
तेजू, दोरू, मोंदेगू,
न पाहिलेल्या नद्या उगमापासून मुखापर्यंत पाठ.
मागच्या अंगाला वाहणारी कुशावती
रस्त्याच्या अलीकडच्या परीक्षेला आली नाही,
पलीकडच्याही नाही.
सेगुंद ग्राव पास झाला. शिक्क्याचा कागद मिळाला.
मग एकसष्टचा डिसेंबर.
नोकरीच्या खिडकीआडून नव्या साहेबानं विचारलं,
‘हे म्हणजे कितवी?’
कुणी चौथी म्हणालं, कुणी त्याहून वरची,
कुणी म्हणालं, याला आता काही म्हणत नाहीत.
गाव न सोडता माणूस
परदेशात शिकून आलेला ठरला.
कागद पत्र्याच्या डब्यात गेला,
आणि पुढे रेशनच्या अर्जावर, कर्जाच्या अर्जावर,
माझ्या शाळेच्या अर्जावरसुद्धा
शिक्षण विचारलं की तो लिहायचा:
सही येते.

मी पेन झटकतो.
नियमात पाचवी बसते, पाचवीच लिहितो.
पण समासात, जिथे लिहायची मुभा नाही,
बारीक अक्षरात जोडतो:
बेडकांवर तक्ता केला.
तपासनीस विचारील. विचारू दे.

घंटा होते. लविना पहिल्यांदा माझ्याकडे बघते.
शाळेच्या मागे पाणी आहे का?
आहे. कुशावती.
कसं लिहायचं ते, म्हणत ती
तळहात पुढे करते.

आमच्या वेळी हात पुढे करायचा
तो छडीसाठी.
क्षणभर माझेच खांदे आखडतात.
मग मी टोपण काढतो,
आणि जपून,
गुदगुल्या होणार नाहीत अशा बेतानं,
‘कु’ काढतो.