खपली

डाव्या खवाट्याखाली,
माझाच हात जिथे पोचत नाही तिथे
गोंदवून घेतलेत पाच मराठी आकडे.
छावणीतला पोरगा म्हणाला, अंकल,
कोमट पाणी, मलम बोटाच्या टोकाइतकंच,
ऊन नको, घाम नको. खाज सुटेल. खाजवायचं नाही.

घाम नको! इंदुरात, मे महिन्यात.

मलम लावायला घरात कुणी नाही म्हणून
खालच्या मजल्यावरच्या मेटकर सिस्टर.
एमवायमध्ये बत्तीस वर्षं ड्रेसिंग केलेल्या.
हात धुतात कोपरापर्यंत,
चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, वळा.
सकाळी पोह्यांच्या आधी, रात्री बातम्यांनंतर.
विचारत काही नाहीत.
हौसेनं जखम करून घेणारा पहिलाच पेशंट,
एवढंच एकदा बोलल्या.

चौथ्या दिवशी बनियनला शाई लागली.
सहाव्या दिवशी दाराच्या चौकटीशी
म्हशीसारखा उभा राहिलो,
घासलं नाही.
आठव्या दिवशी चादरीवर
लसणीच्या सालीसारखं काहीबाही.

पाच, तीन, सिस्टर मोठ्यानं वाचतात,
मग हा एक आहे की नऊ?
पुढचे चार, सहा ठीक आहेत.
इथं खपली आहे अजून.

मी सांगत नाही.
एक असेल तर वाजायचा रामबागेत, आमच्या घरी,
कोनाड्यातला, काळा, जड.
नऊ म्हणजे जेलरोडची लाकडाची वखार.
ते लोक रोज चिडायचे, राँग नंबर,
आणि तरी विचारायचे,
काही निरोप आहे का?

ओढू नका, म्हणतात सिस्टर.
उद्या बघू.