नियम क्रमांक नऊ

साखर पेठेतल्या आमच्या शाळेत संगणक बावीस,
चालू सतरा.
उरलेल्या पाचांवर मी चादरी घातल्यात,
सेकंडच्या मालातल्या, काठाला मोर.
धूळ बसू नये म्हणून,
आणि तपासणीला आलेला माणूस
झाकलेलं सहसा उघडत नाही म्हणूनही.

जूनमध्ये वरून नियमपत्र आलं.
चौदा नियम, खाली दोन सह्या: विद्यार्थी, पालक.
मी मोठ्यानं वाचले.
दुसऱ्याचा पासवर्ड वापरणार नाही.
शाळेचं नेट खासगी कामासाठी वापरणार नाही.
अनुचित मजकूर पाहणार नाही.
वेणुगोपाळ गुर्रमनं विचारलं, अनुचित म्हणजे, सर?
म्हटलं, माझ्यासमोर जे बघणार नाहीस, ते.
तो म्हणाला, तुमच्यासमोर तर मी डबापण खात नाही.

दुसऱ्या दिवशी कागद परत आले.
काही सह्या तेलुगूत, काही कन्नडात,
अंगठे सात.
एका अंगठ्याला तंबाखूचा वास.
आपण कशाला हो म्हटलं,
हे त्या बाईला कुणी वाचून दाखवलं का?
मी नाही.

मग ऑगस्टातला एक मंगळवार.
संगणक क्रमांक अकरा,
संध्याकाळी सहा दहा ते सात पाच,
वापरणारा: मी.
त्या वेळी मी घरी होतो.
पाचव्या दिवशी नळाला पाणी आलेलं,
पिंपात पाइप धरून बसलो होतो.

काय काय पाहिलं असेल माझ्या नावानं,
या भीतीनं मी ती यादी उघडली
दार लोटून, एकटाच.
अर्ज.
विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे,
एक नाही, एकोणीस.
आईचं नाव, कारखान्याचं नाव, खाते क्रमांक,
एकाही अर्जात चूक नाही.
माझ्या वर्गात इतकं नीट टाइप करणारी एकच.

भाग्यलक्ष्मी येमुल. नववी ब.
कबूल करायला तिला अर्धं मिनिट लागलं.
"कॅफेवाला एका अर्जाचे साठ घेतो, सर.
साठ म्हणजे तीनशे विड्या."
आणि पासवर्ड?
तिनं काहीच न बोलता कीबोर्ड उलटा केला.
खाली चिकटवलेला कागद, अक्षर माझं,
माझ्या मुलाचं नाव आणि जन्मसाल.

नियम क्रमांक नऊ:
पासवर्ड उघडा ठेवणारा तितकाच दोषी.
हा मी वाचला होता का मोठ्यानं?
वाचला होता. आठवर जरा थांबून,
खोकून, पाणी पिऊन.

गैरवापर नोंदवहीचं पहिलं पान अजून कोरं होतं.
दोन नावं लिहिली, तिचं आणि माझं.
मुख्याध्यापक बिराजदार सर म्हणाले,
"तुमचं कशाला? खाडाखोड करा."
मी केली नाही. त्यांनीही पुढे ताणलं नाही.
तिला महिनाभर लॅबबंदी.
माझ्यापुढचा शेऱ्याचा रकाना
तसाच, रिकामा.

काल मधल्या सुट्टीत ती खिडकीशी आली,
दाराशी नाही. बंदी आहे ना.
"तीन अर्ज राहिलेत, सर. परवा शेवटची तारीख."
मी फळा पुसत होतो.
पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

आता मी अकरा नंबरवर बसलोय,
नव्या पासवर्डनं, जो फक्त डोक्यात आहे.
ती गजांच्या पलीकडून सांगते,
अंबव्वा, बला जोडाक्षर, सर,
पुढे आडनाव, पुढे आधार, आता सही चढवा.
मागच्या गल्लीत माग चाललाय,
त्याच्या खटक्यांच्या मानानं
माझी बोटं फार हळू.
"उजवीकडचं बटण, सर. नाही, त्याच्या खालचं."

हेही खासगी काम. नियम चार.
वही कपाटात आहे,
किल्ली माझ्या खिशात.
नोंद करायची राहिलीय.
आधी हा तिसरा होऊ दे,
वीज जायच्या आत.