वेबिलाच्या पाठीवर

शिरपूर ते अमळनेर, मार्गे नरडाणा, बेटावद.
तेवीस वर्षं हीच वाट, हीच तिकिटपेटी,
आणि पंच काखेत धरून
वेबिलाच्या पाठीवर उतरवलेल्या ओळी.
अक्षर निम्मं माझं, निम्मं खड्ड्यांचं.

पाचूचं गाणं.
तापीला पूर, आणि पाचू नावाड्याला म्हणते, पल्याड ने.
नावाडी भाडं मागतो.
इतकं सगळ्यांना पाठ.
पुढे गाणं दर थांब्याला वेगळं उतरतं.

सावळद्याला ती बांगड्या देते, नरडाण्याला तोडे.
बेटावदला दागिन्याचं नाव निघालं की
बायकांचा पदर तोंडाशी जातो.
आणि मुडावदची एक कोळीण
सुट्टे मोजता मोजता मला म्हणाली,
"नावाड्या आमनाच व्हता, भाऊ.
ते कडवं आम्ही म्हनतस नही."

बांगडी ले रे, तोडा ले रे,
माले पल्याडे लई जाय;
कानबाईना रोट मांडेल,
वाट देखी ऱ्हायनी माय.

काही गावांत इथं आखाजी म्हणतात.
आखाजीला, भर वैशाखात, तापीला पूर कुठला?
पण गाणाऱ्या बाईला पंचांग दाखवू नये.
मी दोन्ही लिहून घेतलं, तारखेसकट.

मग मधल्या धारेला नावाडी वल्हं थांबवतो.
विचारतो, आते काय देशी?
आणि तिथं एक कडवं नाही.
एकदम पुढचं येतं: रिकामी नाव मुडावदच्या घाटाला,
वल्ह्यात अडकलेलं लुगड्याचं सूत.
पाचू काय म्हणाली, कुणालाच ठाऊक नाही.
रूपकोरबाईला विचारलं; तिची सगळी मुळं पक्की होती,
सोळा लेकुरवाळ्या घरांची नावं वंशावळीसारखी सांगायची.
ती म्हणाली, "मायला येत होतं रे.
पण तिथपर्यंत मला झोप लागायची."

एका मुक्कामी गाडीला,
अमळनेरच्या विश्रांतीगृहात, ढेकूण आणि चाळीसचा बल्ब,
ते कडवं मीच लिहिलं.
नाव तुझी बुडून जाईल,
नाव माझे तरून राहील.
कंडक्टरी मराठी, इस्त्रीची घडी न मोडलेली.
पक्क्या वहीत चढवलं. खूण केली नाही.
समासात "मिळाले" असं लिहिलं; कुठून, ते लिहिलं नाही.
नंतर झिपरू वहीवाल्याला स्पर्धेसाठी अख्खं गाणं हवं होतं.
त्याला नक्कल दिली. चहा त्यानेच पाजला.

गेल्या श्रावणात बेटावदला होतो,
निवृत्त, बिल्ल्याविना, लोकांच्या मागे भिंतीला टेकून.
कानबाईची रात्र. तेजकोर नावाची पोरगी,
मेहंदी अजून ओली, डोळे मिटून गात होती.
नाव मधल्या धारेला आली. मी श्वास धरला.

नाव तुनी बुडी जाई,
नाव मनं तरी ऱ्हाई.

माझी ओळ. पण माझी कुठली?
तिची घडी मोडली होती, कोपरे झिजले होते,
कित्येक तोंडांतून वाहून आलेला गोटा जणू.
मागच्या बायकांनी ती उचलली
आणि ढोलकीवाला क्षणभर थांबला,
जसं जुन्या ओळीसाठी थांबतात.

मी विचारलं, हे कडवं कुणाचं?
"मन्ही माय म्हने. तिनी माय म्हने.
जुनं शे, दादा."

तोंड उघडलं होतं मी.
मग रोटाचा प्रसाद कुणीतरी हातावर ठेवला.

घरी येऊन वहीतली माझी ओळ खोडली,
खाली तिची लिहिली:
बेटावद. कानबाईची रात्र. तेजकोर. ऐकलं तसं.
हे तरी खरं आहे.

पण झोप येत नाही.
रूपकोरबाईच्या मायला येत होती ती ओळ
कुठंतरी अजून उभी असेल हात दाखवत,
एखाद्या फाट्यावर, बाभळीखाली.
गाडी येईल, थांबेल,
आणि तिच्या सीटवर
माझा रुमाल.