दरफाळणी

आज दरफाळणीचा सण. दारं लावून
तुझ्यासमोर बसायचा दिवस.
बोरी गावानं तर दारं
पोळ्यापासूनच लावून घेतली आहेत.
उघडं आहे ते एक दवाखान्याचं,
कारण त्याला कडी नाही.

पांढरा सदरा मिल्कानं धुऊन ठेवला होता.
तो घालून सकाळी निघालो
विहिरींत लाल दवा टाकायला.
पाणी जांभळं झालं की बाया म्हणतात,
कंपोंडरनं जहर कालवलं.

दहा जण जमले की प्रार्थना उभी राहते.
इथे शंभर मैलांत मी एकटा,
आणि धरलाच तर मिल्काच्या पोटातला.

पेणच्या हज्जानला कार्ड टाकलं होतं :
साथीत उपास धरावा की सोडावा?
उत्तर नाही. टपालवालाच
दिग्रसला उलट्या करत पडलाय.

अहरोन धुपाटणं घेऊन
मेलेल्यांच्या नि जित्यांच्या मधे उभा राहिला
आणि मरी थांबली.
मीही उभा राहिलो, झिंगाजीच्या ओसरीत,
गंधकाचं घमेलं धरून.
डावीकडे त्याची आई, उजवीकडे तो.
दुपारपर्यंत दोघंही डावीकडे.

काल रात्री यांनी मरीमायचा गाडा
शिवेपलीकडे ओढून नेला. मी हसलो नाही.
आमच्याही बोकडाच्या डोक्यावर
सगळ्यांची पापं ठेवून त्याला रानात हाकलत.
रानापलीकडच्या गावाचं काय झालं
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आजोबा सांगायचे, एका शहरात मरी आली,
एकच आळी वाचली. लोक म्हणाले, तिथल्या गुरूची पुण्याई.
स्वप्नात कळलं, नव्हे,
तिथे एक माणूस राहतो,
थडगी खणायला कुदळ-फावडं उसनं देतो.

गोदरू मडावीची कुदळ
आठ दिवसांत चौदा घरी गेली.
कुणाची जात नाही विचारली, परत कधी तेही नाही.
मी मनात धरून चाललो होतो,
त्याची आळी तू सोडशील.

आज तिसऱ्या प्रहरी
कुदळ त्याच्याच हातात होती.
पोरगी सात वर्षांची. जैवंता.
त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती,
म्हणून थोडं मी खणलं,
सणाच्या दिवशी, पांढऱ्या सदऱ्यात.

शेजारच्या पुनाबाईनं आंबिल आणली, कढत.
"घ्या जी. पोटात काई नसन त तुमालेबी धरन ते.
मंग आमाले कोन?"

सूर्य बाभळीवर अजून हातभर होता.
पिण्याआधी बेराखा म्हणायची असते.
लहानपणापासून पाठ, पण आठवेना.
गोदरू म्हणाला, तुमी प्या, मंग मी.
प्यालो.
मीठ जास्त होतं. जास्तच घाल म्हणून
मीच घरोघर सांगत फिरलो होतो.

हा उपास मोडला की झाला, ते तू बघ.
मला आता उठायला हवं, हाक आलीय.

दार उघडंच आहे.
कुदळ आत, औषधांच्या कपाटाशी टेकवून ठेवलीय.
आजची रात्र त्याला ती
घरात नको होती.